मयेकर ब्रदरची उजवी फळी

गिरीश मयेकरांबरोबर चहाला बसलं की चहा थंड होणार हे ठरलेलं. कप हातात आला की ते खिशातून इंजेक्शनच्या बाटल्यांची टोपणं काढायचे. लाल, निळी, हिरवी आणि एक पांढरं. पँट्रीतल्या टेबलावर सलाईनची रिकामी नळी वाकडीतिकडी टाकायचे आणि म्हणायचे, ही फरात नदी. मग लाल टोपणं म्हणजे रोमी फौज, निळी म्हणजे इराणी, हिरवी म्हणजे रोमींच्या बाजूने लढणारे अरब, आणि पुढची पंधरा मिनिटं तुमची नव्हेत. मी मुळात तापट. सुरुवातीला दोनदा मी ती टोपणं गोळा करून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी नवी टोपणं हजर. इमर्जन्सी वॉर्डात टोपणांना काय तोटा.

हे सगळं खफजीतलं. आखातातलं, कुवेतच्या सीमेला लागून असलेलं गाव, समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपन्या आणि त्यांची माणसं. तिथल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी मेडिकल रेकॉर्ड्समध्ये आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिथेच काम करायचंय. मयेकर इमर्जन्सीचे चार्ज नर्स. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे, मी भाऊजी म्हणायची, कारण त्यांची बायको विभावरी इथे होती तेव्हा माझी एकुलती मैत्रीण होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तशी ती मालवणजवळ आचऱ्याला परत गेली, आणि जाताना भाऊजींच्या जेवणाची जबाबदारी माझ्या गळ्यात घालून गेली. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायचे. मी सांगलीची, मला माशांतलं ओ की ठो कळत नाही. ते बाजारातून हामूर आणायचे, स्वतः कापायचे, आणि माझ्या कालवणाला दर वेळी छान म्हणायचे. इतका खोटारडेपणा त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केला नसेल.

लढाईचं खूळ त्यांना लावलं आमच्या लॅबमधल्या उसामाने. उसामा सीरियाचा, रक्का गावचा. रक्का हे नाव आपण बातम्यांत ऐकलं ते भलत्याच कारणासाठी. पण त्याच्या गावाबाहेर फरातच्या काठी पंधराशे वर्षांपूर्वी एक मोठी लढाई झाली. पाचशे एकतीस साल, एप्रिलचा महिना. एका बाजूला कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाची फौज, ज्यांना पुस्तकांत बायझंटाईन म्हणतात आणि अरब रूम म्हणतात. दुसऱ्या बाजूला इराणी. रूमच्या उजव्या फळीला घस्सानी अरब उभे होते. दोन प्रहर बाणांची बरोबरीची लढत झाली. मग इराण्यांनी सगळं घोडदळ उजवीकडे घातलं, उजवी फळी मोडली आणि रूमची फौज नदीत ढकलली गेली. सेनापतीच्या चिटणीसाने पुढे लिहून ठेवलं की अरबांनी जागा सोडली, जणू शत्रूशी आतून ठरलंच होतं. उसामाचं घराणं स्वतःला त्याच घस्सान्यांचं समजतं. तो म्हणाला होता, ब्रदर, गाव गेलं ते गेलंच, पण तो गद्दारीचा शिक्का गावाच्याही आधीपासून आमच्या कपाळावर आहे.

दुसऱ्या कोणी हळहळून विषय सोडला असता. मयेकरांना त्यातली एकच गोष्ट जाऊन चिकटली. लढाईचा दिवस ईस्टरच्या आदला, आणि सगळी फौज उपाशी. धर्माचा उपास. सेनापती म्हणत होता, आज नको, शत्रू आपणहून परत चाललाय, जाऊ दे. फौजेने त्यालाच भित्रा म्हणून हिणवलं आणि लढाई ओढवून घेतली. मयेकरांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे. कारण रमजानात इमर्जन्सीत काय होतं ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची एक वही होती. दर रमजानात कोसळून येणाऱ्या माणसाची वेळ आणि शुगर ते त्यात टिपून ठेवायचे, स्वतःच्या समाधानासाठी. दुपारी तीनपर्यंत वही रिकामी. साडेतीन ते सूर्यास्त, पानं भरलेली. उजवी फळी मोडली तीही दिवसाच्या तीन भागांतले दोन सरल्यावरच.

त्यावरून त्यांनी निदान करून टाकलं. गद्दारी नाही, शुगर. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की आम्ही हसून लोळायचो. आमचे डॉक्टर सत्यजित, पुण्याचे, इमर्जन्सीचे प्रमुख, वॉर्डात शिरताना विचारायचे, काय मयेकर, तुमचे अरब आज तरी टिकले का? मयेकरही हसायचे. पण टोपणं मांडताना त्यांचा हात एका ठिकाणी थबकायचा. पांढरं टोपण म्हणजे तो चिटणीस. त्याला ते नेहमी साखरेच्या डब्यामागे ठेवायचे, लढाईपासून लांब.

मी एकदा विचारलं, त्याला कशाला लपवताय? त्यानेच तर सगळी आग लावली. ते म्हणाले, तो मागे सामानसुमानाजवळ असेल वहिनी. त्याला दिसलंच नसेल. सेनापतीने सांगितलं ते त्याने लिहिलं. जागा कोणी सोडली हे लांबून दिसतं, का सोडली ते दिसत नाही. मी म्हणाले, तुम्ही उगाच सगळ्यांना माफ करत सुटता. त्यावर त्यांनी चहाचा घोट घेतला आणि चहा थंड झाल्याची तक्रार केली.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. रमजानात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेबरोबर हॉस्पिटल रिकामं होतं. रोजा सोडायला सगळे जातात, डॉक्टर, गार्ड, फाईलवाले. तो अर्धा तास वॉर्ड सांभाळायचा तो रोजा नसलेल्यांनी, म्हणजे आम्ही हिंदूंनी, केरळच्या आणि फिलिपाईन्सच्या ख्रिश्चनांनी. कुठे लिहिलेला नियम नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. मयेकरांनी तो अर्धा तास एकोणीस वर्षं सांभाळला. कधी रजा नाही, कधी अदलाबदल नाही. बांग व्हायच्या आधी प्रत्येक सहकाऱ्याच्या टेबलावर तीन खजूर आणि लबनची, म्हणजे ताकाची, बाटली ठेवून ते दाराशी उभे राहायचे आणि म्हणायचे, यल्ला, जा, मी आहे. तो त्यांचा अभिमान होता. मोठेपणा मिरवणारा माणूस नव्हे, पण त्या अर्ध्या तासात ते दोन इंच उंच दिसायचे.

दोन हजार चोवीसच्या रमजानात, विसाव्या रोज्याच्या दिवशी, साडेचारच्या सुमाराला एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, क्रेन ऑपरेटरला घेऊन आले. शुगर अडतीसपर्यंत उतरलेली. डेक्स्ट्रोजचं, साखरेचं सलाईन चढवलं, माणूस पाच मिनिटांत उठून बसला आणि रोजा तुटला म्हणून रडायला लागला. मयेकरांनी त्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहिली. मधुमेहाची ती जुनी गोळी. ती पोटात असली की वर आणलेली शुगर पुन्हा खाली जाते, तासाभराने, दोन तासांनी. त्यांनी सत्यजित सरांना सांगितलं, किमान चार तास ठेवायला हवं. सर घाईत होते. वरच्या मजल्यावर डायरेक्टरसाहेबांची इफ्तार होती, मोठे पाहुणे होते. जाता जाता ते म्हणाले, बरा दिसतोय, जाऊ दे त्याला, मी नंतर सही करतो. मयेकर म्हणाले, सर, सहीशिवाय मी सोडणार नाही. सर म्हणाले, बघू.

बांग झाली. वॉर्ड रिकामा झाला. फिलिपिनी सिस्टर आतल्या खोलीत एका लहान पोरीची जखम बांधत होती. मिसऱ्याने सलाईन उपसलं आणि बूट चढवायला लागला, मित्र जेवायला थांबलेत म्हणे. मयेकरांनी त्याला दोनदा बसवला. सरांच्या मोबाईलवर तीनदा फोन केला, उचलला नाही. दाराशी गार्ड नाही. तेव्हा ते धावले. दर वर्षी इफ्तार खालच्या कॅफेटेरियात असायची, म्हणून आधी तिकडे. तिथे सर नाहीत. परत येताना माझ्या खोलीच्या दाराशी मी उभी होते. माझ्या हातात खजूर होता. घाईत त्यांची मालवणी बाहेर पडायची.

"वैनी, डॉक्टर खंय असत?"

मी बोट वर केलं. म्हणाले, पहिल्या मजल्यावर, नव्या हॉलमध्ये. ते दोन दोन पायऱ्या टाकत वर गेले. हॉलच्या दाराशी सरांना गाठलं. सर म्हणाले, पाच मिनिटांत येतो. मयेकर एकटेच खाली आले तेव्हा बेड रिकामा होता. मिसरी स्वतःची पिकअप घेऊन निघाला होता. दुसऱ्या सिग्नलच्या पुढे गाडी विजेच्या खांबावर गेली. जीव वाचला, कंबर मोडली. तो आता क्रेनवर चढणार नाही.

चौकशी लागली. चौकशी लागली की घटनेचा अहवाल लागतो, आणि अहवाल लिहायचं काम माझं. इंग्रजी बरं आहे, अक्षर टाईपचं, आणि कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही अशी माझी ख्याती. सत्यजित सर माझ्या खोलीत आले, दार लोटलं, खुर्चीत बसले. मला इथे नोकरी त्यांनीच लावून दिली होती. सुयशची, माझ्या नवऱ्याची, कंपनी बंद पडली तेव्हा सुयशचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्या इकाम्यावर आला, आणि माझा त्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता. कफील, म्हणजे परवान्याला जामीन, हॉस्पिटल. कागद सरांच्या टेबलावर. यातलं सर एक अक्षर बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. ते फक्त म्हणाले, शोभना, जे घडलं तेवढंच लिही. कॅमेऱ्यात आहे तेवढं. मतं नकोत.

कॅमेऱ्यात काय होतं? सहा बाराला मयेकर इमर्जन्सीच्या दारातून बाहेर पडताना दिसतात. सहा सतराला परत येताना दिसतात. मधल्या पाच मिनिटांत माझ्या दारावर कॅमेरा नाही, वरच्या हॉलच्या दारावरही नाही.

मी लिहिलं, घटनेच्या वेळी चार्ज नर्स आपल्या जागेवर नव्हते.

हे वाक्य मी अनेकदा तपासून पाहिलंय. त्यात एक शब्द खोटा नाही. मला त्या वेळी त्याचा आधार वाटला. आता त्याच गोष्टीचा राग येतो. सरळ खोटं लिहिलं असतं तर निदान कोणी पकडलं असतं.

मयेकरांना मी अहवाल लिहिलाय हे माहीत होतं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला होता. खरंच आनंद. विभावरीला फोनवर सांगताना मी ऐकलं, अगो घाबरू नको, कागद शोभनावहिनींच्या हातात आहे. त्यांच्या जिवाला एकच घोर होता, लायसन्स. त्यावर एकदा कामात हयगय असा शेरा पडला की आखातात कुठेच वॉर्डात उभं राहता येत नाही, आणि एकोणीस वर्षांच्या कामाचं नाव तेवढंच उरतं. दोन वर्षांनी ते आपणहून परत जाणार होते. त्यांना जायचं होतं ते स्वच्छ नावाने.

समितीपुढे त्यांनी सगळं सांगितलं. सर म्हणाले, मी सोडायला सांगितलं नाही, आणि मला बोलवायला कोणीही आलं नाही. वरचे पाहुणे तेव्हा नमाजाला गेले होते, हॉलच्या दाराशी हे दोघंच, तिसरा साक्षीदार नाही. मयेकर चिडले नाहीत. ते समितीला म्हणाले, शोभना मॅडमना विचारा, मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता विचारला, त्यांनीच दाखवला. आणि माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. शुक्रवारी कालवण छान झालंय म्हणताना हलवायचे तशी.

समितीतल्या बाईंनी मला विचारलं. खोलीत एसी जोरात होता. सर समोर बसून पेनाचं टोपण उघडत होते, मिटत होते.

मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

मयेकर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी प्रश्न नीट ऐकला नाही. त्यांनी मला मराठीत पुन्हा विचारलं, हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं, वहिनी, तुम्ही दाराशी होता ना, खजूर होता हातात? समितीच्या अध्यक्षांनी त्यांना थांबवलं, साक्षीदाराशी बोलू नका म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. बाईंनी मला पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

शेरा पडला. फायनल एक्झिटला, म्हणजे देश कायमचा सोडायला, तीन आठवडे दिले. त्या रमजानाचे उरलेले दिवस तो अर्धा तास कोणी सांभाळला ते मी पाहायला गेले नाही. माझा इकामा रिन्यू झाला, कार्ड टेबलावर आलं. फोटो बरा आलाय.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला पँट्रीत बोलावलं. टाळायला मी दोन फाईली घेऊन गेले, घाईत आहे असं दाखवायला. त्यांनी चहा केला होता, दोन कप. म्हणाले, बसा वहिनी, पाच मिनिटं. मी बसले. मला वाटलं आता ओरडतील, आणि मला ते हवं होतं. मी घरी आरशासमोर उत्तरं तयार केली होती, सुयशचं, इकाम्याचं, सगळं.

त्यांनी खिशातून टोपणं काढली. नळी टाकली. लाल, निळी, उजवीकडे हिरवी. नेहमीसारखं काही समजावून सांगितलं नाही, फक्त मांडत गेले. मग म्हणाले, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, त्या लढाईचीही चौकशी झाली होती. बादशहाने माणूस पाठवला होता. दुसऱ्या एकाने लिहून ठेवलंय, त्यात म्हटलंय की घस्सानी सगळे पळाले नव्हते, काही शेवटपर्यंत उभे राहिले, आणि सेनापतीच होडीत बसून पलीकडे गेला. चौकशीनंतर सेनापतीला परत बोलावलं. पण लोक वाचतात ते चिटणीसाचं, कारण त्याची भाषा चांगली होती.

मी काहीतरी म्हणाले. बहुधा म्हणाले की भाऊजी, माझी अडचण तुम्हाला माहीत आहे.

ते हो म्हणाले. माहीत आहे म्हणाले. मग साखरेच्या डब्यामागून त्यांनी पांढरं टोपण उचललं. इतके दिवस ज्याला त्यांनी तिथे जपून ठेवलं होतं ते टोपण आणून हिरव्या टोपणांच्या अगदी शेजारी ठेवलं. बोटाने थोडं सरळ केलं.

"तो इथे होता, वहिनी," ते म्हणाले. "त्याला सगळं दिसत होतं."

मग त्यांनी स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि वॉर्डात निघून गेले. माझा चहा तोवर थंड झाला होता. या वेळी त्यांनी तक्रार केली नाही.

या गोष्टीला वर्ष उलटलं. ते आचऱ्याला आहेत. गावातल्या एका डॉक्टरांकडे ड्रेसिंग करायला जातात असं कळलं. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा विभावरीने उचलला आणि चारही वेळा ते आंघोळीला गेले होते. पाचव्यांदा करायचं धाडस झालं नाही. उसामा लॅबचे रिपोर्ट आता मला हातात देत नाही, खिडकीतून सरकवतो. सर पूर्वीसारखेच वागतात, हसतात, आणि वॉर्डात शिरताना अरबांची चौकशी करायचं मात्र त्यांनी बंद केलंय. पांढरं टोपण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ते मी त्या दिवशी टेबलावरून उचललं, कारण टाकवेना.

मयेकरांचं व्यक्तिचित्र लिहायचं असं मी ठरवलं तेव्हा वाटलं होतं की त्यांची गंमत लिहीन, खूळ लिहीन, हामूर लिहीन. पण त्यांच्याविषयी लिहायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि ती विचारली तेव्हा मी दिली नाही. म्हणून इथे लिहिते. विसाव्या रोज्याच्या दिवशी, सहा बाराच्या पुढे, चार्ज नर्स गिरीश मयेकर डॉक्टरांना शोधत माझ्या दाराशी आले. डॉक्टर कुठे आहेत ते त्यांनी मला विचारलं. मी वरचा हॉल दाखवला. ते धावत वर गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते नक्की आठवतं.

हे मराठीत लिहून झालं. समितीला मराठी येत नाही. इंग्रजीत अजून लिहिलेलं नाही.